गिटारवर बाराव्या फ्रेटच्या पुढे वाजवताना डावा हात आखडतो : खांदा, कोपर, मनगट, अंगठा कसे ठेवावेत?

कृष्णाकाठ

मंडळी, माझ्याकडे ड्रेडनॉट (मोठ्या, खोल बॉडीच्या) आकाराची, कटअवे म्हणजे नेकलगत हात आत जायला बॉडीला दिलेली खाच नसलेली, स्टीलच्या तारांची गिटार आहे. कॉर्ड धरून साथ करत होतो तोवर सगळं सुरळीत होतं. आता अभंगांच्या आणि भावगीतांच्या चाली फिंगरस्टाइलने, म्हणजे उजव्या हाताच्या बोटांनी तारा छेडत, बसवायला घेतल्यात. जाड तारांवर बास आणि बारीक तारांवर चाल. ध्रुवपद नीट वाजतं. अंतऱ्यात चाल तार सप्तकात चढली की अडचण सुरू होते. सा पांढरी पाचचा, म्हणजे जी धरला तर तार सा पहिल्या (सर्वात बारीक) तारेच्या पंधराव्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या पंधराव्या आडव्या पट्टीवर येतो आणि तार रे सतराव्यावर. हे स्वर दुसऱ्या तारेवर शोधायचे तर आणखी पाच फ्रेट वर जावं लागतं, म्हणजे पळवाट नाही.

तिथे पोचेपर्यंत अंगठा हीलवर, म्हणजे नेक (दांडी) बॉडीला मिळते तिथल्या जाड भागावर आदळून थांबतो, मनगट आत दुमडतं आणि खांदा नकळत कानाकडे चढतो. करंगळीने दाबलेला स्वर बारीक आणि मेलेला येतो. थोडा वेळ सराव केला की कोपरापासून मनगटापर्यंतचा आतला स्नायू ओढल्यासारखा दुखतो. हात सोडला की दुखणं थांबतं.

हा दोष माझ्या हाताच्या ठेवणीचा आहे की वाद्याचा? कटअवे गिटारसाठी पैसे साठवण्याआधी हे समजून घ्यायचं आहे. ज्यांनी कटअवेशिवाय वरचे फ्रेट वाजवलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

डोंगरवाटा

पट्टी उतरवून पाहिलीत का? सा डी धरला तर मध्य सा दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, तार सा पहिल्या तारेच्या दहाव्यावर आणि तार रे नेमका बाराव्यावर येतो. सहावी तार ई वरून डी ला उतरवली की बासमध्ये मोकळा सा मिळतो, पाचवी मोकळी तार पंचम देते. निम्मी चढाई तिथेच वाचते.

कृष्णाकाठ

केलं, आणि एकट्याने वाजवताना तसंच वाजवतो. पण सोबत गाणाऱ्या ताई पांढरी पाचमध्ये गातात आणि मधल्या जागांत गिटारवर तीच चाल त्यांच्याच सप्तकात हवी असते. शिवाय सतरावा फ्रेट वाद्यावर आहे, तर तो वाजवता यायला हवा असं मनापासून वाटतं.

सहावी_तार

प्रश्न चांगला मांडलात. मी नायलॉन तारांची क्लासिकल गिटार शिकवते. आमच्या वाद्यात नेक बॉडीला बाराव्या फ्रेटलाच मिळते आणि कटअवे बहुधा नसतो. तरीही एकोणिसाव्या फ्रेटपर्यंतचं संगीत त्यावर वाजवलं जातं. तुमच्या ड्रेडनॉटवर नेक चौदाव्याला मिळते, म्हणजे दोन फ्रेट तुम्हाला जास्त मोकळे आहेत. हे दोन फ्रेट मुद्दाम मिळवलेले आहेत बरं का. १९२९ मध्ये पेरी बेक्टेल या बँजो वादकाच्या मागणीवरून मार्टिन या गिटार कंपनीने चौदा फ्रेट मोकळे असलेलं ऑर्केस्ट्रा मॉडेल काढलं. पुढे स्टील तारांच्या गिटारचा तोच रिवाज झाला.

आता हाताकडे येऊ. तुमच्या वर्णनावरून मला एवढंच दिसतं की हात वर नेताना तुम्ही बोटांना पुढे पाठवताय आणि बाकीचा हात मागे राहतोय. क्रम उलटा हवा. आधी खांदा, मग कोपर, मग मनगट, आणि बोटं सगळ्यात शेवटी. फडताळाच्या आतल्या कोपऱ्यातला डबा काढताना आपण नुसतं मनगट वाकवत नाही, खांदाच आत घालतो. इथेही तसंच करायचं.

खांदा खाली सोडायचा आणि किंचित पुढे आणायचा. वर अजिबात नाही. तो चढतोय हे वाजवताना कळत नाही म्हणून बाजूला आरसा ठेवा. पहिल्या फ्रेटपासून बाराव्यापर्यंत कोपर हळूहळू बरगडीच्या जवळ येत जातं. बहुतेक जण इथे फसतात, कारण पुढेही ते बरगडीलाच चिकटवून ठेवतात. बाराव्यानंतर कोपराने बरगडी सोडून पुढे आणि थोडं उजवीकडे जायला हवं. तसं झालं की पुढचा हात (कोपरापासून मनगटापर्यंतचा) बॉडीच्या फुगवट्यावरून समोरून येतो आणि मनगट जवळपास सरळ राहतं. कोपर मागे राहिलं की तेवढं अंतर मनगट दुमडून भरून काढावं लागतं. तुम्हाला दुखतं ते त्यामुळेच, असं मला वाटतं.

कंबरेतून डावीकडे आणि पुढे थोडं झुकलं तर चालतं, झुकावंच. पाठीला बाक मात्र आणायचा नाही.

अंगठ्याबद्दल. नेकच्या मागे मधोमध अंगठा हा नियम खालच्या फ्रेटसाठी आहे. दहाव्या-अकराव्या फ्रेटच्या आसपास अंगठा मागून सुटून पहिल्या तारेच्या बाजूने नेकच्या कडेवर यायला हवा. तिथून तो हीलच्या खोबणीत टेकतो. पंधराव्याच्या पुढे तोही आधार सोडून फिंगरबोर्डच्या कडेला नुसता स्पर्श करतो, किंवा हवेतच राहतो. चेलोवादकांचा अंगठा वरच्या स्वरांना पुढे तारांवर येतो, ती त्यांची रीतसर शिकवली जाणारी पद्धत आहे. आपल्याला तारांवर अंगठा लागत नाही, पण मागे अडकवून ठेवण्याचं कारणही नाही.

अंगठा नसेल तर तार दाबायची कशाने, असा पुढचा प्रश्न येईल. हाताच्या वजनाने. दाब चिमटीतून काढायचा नाही. डावा हात खांद्यातून किंचित मागे ओढला जातो आणि उजव्या हाताचा पुढचा भाग बॉडीवर टेकून वाद्य जागेवर धरतो, एवढ्यात तार दाबली जाते. खात्री करून घ्यायची तर पाचव्या फ्रेटवर अंगठा पूर्ण काढून स्वर वाजवून पाहा. स्वच्छ वाजेल.

बसण्याचंही पाहा. उजव्या मांडीवर गिटार आडवी ठेवली तर नेक खाली राहते आणि वरचे फ्रेट बॉडीच्या आड जातात. डाव्या मांडीवर घ्या, डाव्या पायाखाली १२ ते १५ सेंटीमीटरचं फूटस्टूल ठेवा आणि गिटारचं डोकं साधारण डोळ्यांच्या उंचीला येईल इतकी नेक वर करा. फूटस्टूलने कंबर दुखत असेल तर मांडी आणि वाद्य यांच्यामध्ये बसणारा आधार किंवा उशी घ्या, दोन्ही पाय जमिनीवर राहतात. वाद्य शरीराला जखडून राहू नये यासाठी दियोनिसिओ अग्वादो या स्पॅनिश गिटारवादकाने एकोणिसाव्या शतकात गिटार धरणारी तिवई केली होती. प्रश्न इतका जुना आहे.

फ्रेट दिसावेत म्हणून गिटारचा दर्शनी भाग छताकडे वळवू नका. त्याने मनगट आणखी दुमडतं. नेकच्या वरच्या कडेवरचे ठिपके पाहायची सवय लावा. पंधराव्या-सतराव्याला ठिपके नसतील तर छोटी चिकटपट्टी लावा.

आरोग्यवाट

फिजिओथेरपिस्ट म्हणून थोडी भर घालते. वरच्या प्रतिसादातला मनगटाचा मुद्दा आत्ता जागेवर बसून पडताळता येईल. मनगट सरळ ठेवून मूठ घट्ट आवळा. आता मनगट आत पूर्ण दुमडा आणि तशीच मूठ आवळायचा प्रयत्न करा. मूठ सैल पडते. बोटं वाकवणारे स्नायू पुढच्या हातात असतात आणि त्यांचे दोर मनगटावरून जातात. मनगट आधीच दुमडलेलं असलं की त्या स्नायूंना आखडायला जागा उरत नाही आणि ताकद घटते. म्हणजे सतराव्या फ्रेटवर करंगळी कमजोर वाटते तेव्हा करंगळीचा व्यायाम करून फारसं काही साधत नाही. मनगट सरळ करा, तीच करंगळी दाबू लागेल.

लक्षणांवरही नजर ठेवा. करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येत असतील तर बहुधा कोपराच्या आतल्या बाजूने जाणाऱ्या अल्नर नसेवर ताण आहे. कोपर खूप वाकवून बराच वेळ ठेवलं की असं होतं. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या असतील तर मनगटातल्या मीडियन नसेकडे संशय जातो. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला दुखत असेल तर चिमटीचा जोर फार होतोय. वाजवणं थांबवल्यावर दुखणं थांबत असेल तर ठेवण सुधारून पुष्कळदा भागतं. पण रात्री झोपेतून जाग येत असेल, वस्तू हातातून सुटत असतील किंवा बधिरपणा दुसऱ्या दिवशीही राहत असेल तर सराव बंद ठेवून डॉक्टरांना हात दाखवा.

उजवा हातही विसरू नका. ड्रेडनॉटची कड धारदार असते आणि पुढचा हात तिच्यावर दाबून ठेवला की तिथेही नस दबते. कडेवर आर्मरेस्ट किंवा जाड सुती बाही असली तरी फरक पडतो.

मांडवीतीर

गोव्यात तंतुवाद्यांची दुरुस्ती करतो. हाताच्या ठेवणीवर सहावी_तार यांनी लिहिलंय त्यात मला काही घालायचं नाही, पण कृष्णाकाठ, तुमच्या गिटारचं माप घेतल्याशिवाय सगळा दोष हातावर घेऊ नका. स्वर बारीक आणि मेलेला येतो असं तुम्ही लिहिलंय, ते वाचून मला तारांच्या उंचीची शंका आली.

तार न दाबता, बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. स्टील तारांच्या गिटारला सहाव्या तारेखाली साधारण २.४ मिलिमीटर आणि पहिल्या तारेखाली १.६ ते १.८ मिलिमीटर असेल तर वरचे फ्रेट सुखाने दाबले जातात. नायलॉनच्या गिटारला हेच अंतर ४ आणि ३ मिलिमीटरच्या आसपास असतं, कारण त्या तारा जास्त हेलकावतात. तार नटपासून (डोक्याकडची पट्टी जिच्यावर तारा टेकतात) सॅडलकडे (बॉडीकडची तशीच पट्टी, ब्रिजमध्ये बसवलेली) चढत जाते, त्यामुळे बाराव्यावर उंची जास्त असेल तर सतराव्यावर ती त्याहून जास्त असते. तिथे दाबायला जोर लागतो, तारेचा ताण वाढतो आणि स्वर चढा लागतो. सुरात असलेल्या कानाला ते लगेच खटकतं.

किनारपट्टीवर यात पावसाळ्याचा मोठा वाटा आहे. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. पावसाळ्यात कोकणात, मुंबईत, गोव्यात ती कितीतरी वर जाते. लाकूड पाणी पितं, टॉप (बॉडीची दर्शनी फळी) ब्रिजखाली, म्हणजे तारा बॉडीला अडकवलेल्या असतात त्या पट्टीखाली, फुगतो, ब्रिज वर येतो आणि त्याच्याबरोबर तारा. जूनमध्ये सोपी वाटणारी गिटार ऑगस्टमध्ये वरच्या फ्रेटवर कडक लागते ती यामुळे. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात याच्या उलट होतं, टॉप बसतो आणि तारा फ्रेटवर खरखरतात. गिटार केसमध्ये ठेवा, आत आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, पुड्या वेळेवर बदला.

ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची सळई) पिळून उंची कमी करायला सांगणारे पुष्कळ भेटतील. ट्रस रॉड नेकचा बाक सरळ करतो, आणि तोही मुख्यतः पहिल्या काही फ्रेटपासून दहाव्याच्या आसपासपर्यंत. बॉडीवर चिकटलेल्या फ्रेटवर त्याचा जवळपास काहीच परिणाम होत नाही. तिथे उपाय सॅडलचा, आणि सॅडलमध्ये जागाच उरली नसेल तर नेक सोडवून कोन बदलण्याचा. कोन बरा आहे का ते पाहायला सरळ पट्टी फ्रेटांवर लांब ठेवा. तिचं टोक ब्रिजच्या माथ्याला जेमतेम टेकलं पाहिजे. ब्रिजच्या पोटात जाऊन धडकलं तर नेक पुढे झुकली आहे.

आणखी एक. स्ट्रॅपचं बटण हीलवर पहिल्या तारेच्या बाजूला ठोकलेलं असेल तर ते थेट तळहातात टोचतं. ते दुसऱ्या बाजूला हलवून घ्या.

डोंगरवाटा

सहावी_तार, डाव्या मांडीबद्दल माझं मत वेगळं आहे. ड्रेडनॉटची कंबर फार कमी बारीक असते आणि बॉडी खोल असते. ती डाव्या मांडीवर घेऊन नेक वर केली की बॉडीचा वरचा भाग छातीत रुततो आणि उजवा खांदा उचलला जातो. मी उभ्याने आणि बसूनही पट्टा लावतो, एक टोक हीलला, दुसरं खालच्या बटणाला. पट्टा एवढा आखूड की बसल्यावर आणि उभं राहिल्यावर वाद्य त्याच उंचीला राहतं. नेक तीस-चाळीस अंशांत वर. डावा हात वाद्याच्या वजनातून पूर्ण मोकळा होतो आणि वर जाताना अंगठा सोडायची भीती वाटत नाही.

सहावी_तार

मान्य. डावी मांडी हा माझ्या वाद्याचा मार्ग झाला. दोन्हींत साधायचं तेच आहे, नेक वर आणि डाव्या हातावर वाद्याचा भार शून्य. ड्रेडनॉटला आखूड पट्टा जास्त बरा हे पटतं.

मींड

थोडं बाजूचं, पण याच प्रश्नाशी लागून. मी मांडीवर आडवी ठेवून स्लाइडने (तारेवरून सरकवायच्या गुळगुळीत दांड्याने) वाजवायची गिटार शिकतोय. ब्रिजभूषण काबरांनी हवाईयन गिटार हिंदुस्थानी रागसंगीतात आणली, विश्वमोहन भट्टांनी पुढे मोहनवीणा घडवली. या ठेवणीत हात वरून येतो, त्यामुळे हील आड येत नाही आणि अंगठ्याचा प्रश्नच उरत नाही. तार सप्तक मध्य सप्तकाइतकंच जवळ. कृष्णाकाठ, अभंगातल्या मींडेसाठी कधी हे वाद्य हातात घेऊन पाहाच. वरच्या फ्रेटवर तार ओढून मींड घेण्यापेक्षा हाताला फार सोपं जातं.

अबोली

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, नायलॉनच्या पूर्ण मापाच्या गिटारवर शिकते. तिला आठव्या फ्रेटपुढेच खांदा उचलावा लागतो. हे सरावाने जाईल का?

सहावी_तार

अबोलीताई, सरावाने नाही, मापाने जाईल. पूर्ण मापाच्या क्लासिकल गिटारची तार नटपासून सॅडलपर्यंत ६५० मिलिमीटर असते आणि नटपाशी नेक ५२ मिलिमीटर रुंद. त्या वयाच्या बहुतेक मुलांना पाऊण मापाची गिटार लागते, तिची तार ५८०च्या आसपास असते. आत्ता खांदा उचलायची सवय लागली तर मोठेपणी ती मोडायला फार कष्ट पडतात. लहान मापाची गिटार मिळेपर्यंत तिला वरचे फ्रेट वाजवायला लावू नका, आणि शिक्षकांशी हे मोकळेपणाने बोला.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. कोपर पुढे नेल्यावर मनगट खरंच सरळ राहतं, पंधराव्या फ्रेटचा तार सा आता ओढाताण न होता लागतो. तारांची उंची मोजली : बाराव्यावर सहाव्या तारेखाली ३.१ आणि पहिल्या तारेखाली २.४ मिलिमीटर. सॅडल ब्रिजच्या वर साधारण ४.५ मिलिमीटर दिसतं. सरळ पट्टी ब्रिजच्या माथ्याला टेकते.

दोन शंका उरल्यात. वर गेल्यावर फ्रेट इतके जवळ येतात की चार बोटं मावत नाहीत, कोणती वापरावीत? आणि डावा हात वर असताना बासचं काय करायचं?

सहावी_तार

तुमच्या गिटारची तार ६४५ मिलिमीटर धरली तर पहिला फ्रेट नटपासून सुमारे ३६ मिलिमीटरवर आहे. बाराव्या ते तेराव्याचं अंतर त्याच्या बरोबर निम्मं, १८. सतराव्या ते अठराव्याचं साडेतेरा. तिथे एका फ्रेटला एक बोट हा हिशेब सोडून द्या. पूर्ण स्वराच्या अंतराला तर्जनी आणि अनामिका, अर्ध्या स्वराला तर्जनी आणि मधलं बोट. करंगळी जवळजवळ लागतच नाही, कारण हात समोरून तिरका येतो आणि ती आखूड पडते. जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टचा डावा हात १९२८ मध्ये आगीत भाजला, अनामिका आणि करंगळी निकामी झाल्या. त्याने तर्जनी आणि मधल्या बोटावर एकल वादन उभं केलं, नेकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ते वादन ऐकलं की वरच्या फ्रेटवर बोटांच्या संख्येपेक्षा अख्खा हात किती मोकळा फिरतो याला किती महत्त्व आहे हे कळतं.

बासचं सोपं आहे. सा जी असेल तर सहावी तार डी ला आणि पाचवी ए वरून जी ला उतरवा. बाकी चार तारा आहेत तशा. आता पाचवी मोकळी तार सा, सहावी आणि चौथी पंचम, तिसरीही सा. अंतऱ्यात डावा हात पूर्णपणे चालीसाठी मोकळा राहतो आणि खाली तानपुऱ्यासारखा सा-प चालू राहतो, अभंगाला ते शोभतंही.

वर जाण्याचा क्षणही ठरवून घ्या. एखादी मोकळी तार वाजत असताना हात उचला. आधी अंगठा सुटतो, नजर पोचायच्या फ्रेटवर जाते, मग कोपर निघतं. सुरुवातीला तार न दाबता एकच बोट पहिल्या तारेवरून पाचव्यापासून बाराव्या, पंधराव्या, सतराव्यापर्यंत सरकवत न्या, दाब फक्त पोचल्यावर द्या. दाबही मोजून द्या. बोट इतकं हलकं ठेवा की स्वर खरखरेल, मग खरखर जाईल तेवढाच जोर वाढवा. लय मंद ठेवा आणि खांदा चढला की तिथेच थांबा.

मांडवीतीर

तुमची मापं पाहून बरं वाटलं, नेकचा कोन ठीक आहे आणि सॅडलमध्ये जागाही आहे. बाराव्यावर ०.६ मिलिमीटर कमी करू, म्हणजे २.५ आणि १.८ होईल. बाराव्यावर जेवढं कमी हवं त्याच्या दुप्पट सॅडलमधून काढावं लागतं, म्हणजे १.२ मिलिमीटर. ब्रिजच्या वर ३.३ उरेल, ते पुरेसं आहे.

त्याआधी नेकचा बाक पाहा. सहावी तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा, सातव्या फ्रेटवर ०.१ ते ०.२५ मिलिमीटर फट दिसली पाहिजे. जास्त असेल तर आधी ट्रस रॉड, मग पुन्हा मोजमाप. सॅडल वरून घासू नका, वरची गोलाई बिघडते. तळाला पेन्सिलने रेघ मारा, काचेवर सपाट चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर तळ घासा, आणि तो काटकोनात राहतोय ना हे मधेमधे तपासा. तळ तिरका झाला तर तारांचा आवाज असमान येतो. चौदाव्या फ्रेटपाशी, नेक बॉडीला मिळते तिथे, फिंगरबोर्डला उंचवटा असेल तर उंची कमी केल्यावर सोळाव्या-सतराव्याला खरखर ऐकू येईल. तसं झालं तर पुढे घासू नका, कारागिराकडून तेवढे फ्रेट समतल करून घ्या.

हे काम पावसाळा संपल्यावर, लाकूड कोरडं झाल्यावर करा. आत्ताचं सॅडल न घासता नवीन हाडाचं सॅडल आणून तेच बसवलंत तर जास्त चांगलं, जुनं जपून ठेवा. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच वादकांची दोन सॅडलं असतात, उंच कोरड्या दिवसांसाठी आणि बुटकं पावसाळ्यासाठी. तारा बदलायच्या वेळीच ते बदलून होतं.